पोलिओ नव्हताच

शुभांगीचा उजवा पाय गेला तेव्हा ती नुकती पहिलीत बसली होती. तो कुणी घालवला, हे मात्र तिला कळलं पुढे नर्सिंगच्या वर्गात, फळ्यावरच्या एका चित्रासमोर.

तिसगावहून जीपनं थोडं आत गेलं की तिचं गाव लागतं. गावाच्या कडेला बौद्ध वस्ती, वस्तीत कचरू आणि भामाबाईचं घर. दिवाळी झाली की दोघं नवराबायको उसतोडीला निघायची आणि उन्हं तापायला लागली की परतायची. पोर बरोबरच असायची, उसाच्या पाचटावर खेळायची, ट्रॅक्टरच्या सावलीत झोपायची. त्या साली परतल्यावर शुभांगीला ताप भरला. भामाबाईनं तिला कडेवर घेतलं आणि आप्पासाहेबांच्या दवाखान्यात नेलं.

आप्पासाहेब पूर्वी पाथर्डीला एका डॉक्टरकडे कंपाउंडर होते. पुड्या बांधता बांधता सुई मारायला शिकले आणि गावात येऊन स्वतःची पाटी लावली. घरची विहिरीवरची जमीन, मोठी भावकी, शब्दाला वजन. पदवी कुणी विचारली नाही. गोळ्यांनी आजार हलत नाही, सुईच लागते, अशी गावाची खात्री होती आणि आप्पासाहेब कुणाची खात्री मोडत नव्हते.

भामाबाईनं पोरीला मांडीवर पालथं घातलं. बाहेर गर्दी होती. आप्पासाहेब दारातल्या कुणाशी तरी जनावराच्या बाजाराचं बोलत आत आले, बोलत बोलतच त्यांनी फ्रॉक वर केला आणि कुल्ल्याच्या पार मधोमध सुई खुपसली. शुभांगीच्या पायातून अंगठ्यापर्यंत वीज गेली. ती अशी किंचाळली की बाहेरच्या बाया उठून उभ्या राहिल्या.

"पोर लईच भित्री हाय तुझी, भामे," आप्पासाहेब हसले आणि पुढच्याला हाक मारली.

आईनं खाली उतरवलं तर पाऊल वर उचलेना. चालताना फटकन जमिनीवर आपटायचं. ताप उतरला, पाऊल काही उठलं नाही. भामाबाई पुन्हा गेली तेव्हा आप्पासाहेबांनी पोरीचा पाय वर-खाली करून पाहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पोलिओ हाय ह्यो. उसतोडीत डोस चुकवला आसंल हिनं. आता काय कुणाच्या हातात न्हाई."

तेवढं एक वाक्य. पण ते वाक्य भामाबाईच्या घरात शिरलं आणि तिथंच राहिलं.

"मी समदे डोस पाजलेत," भामाबाई सांगत राहिली. "कोपीवर बाई यायची. करंगळीला शाई लावायची. म्या ह्या डोळ्यांनी बघितलंय." पण फडाकडेच्या कोपीवरचं, त्या पाचटाच्या झोपडीतलं, गावात कुणी पाहिलेलं नव्हतं आणि आप्पासाहेबांचं बोलणं सगळ्या गावानं ऐकलं होतं. पोरगी शाळेला फटफट करत निघाली की बाया तिच्याकडे बघून चुकचुकायच्या आणि मग आईकडे बघायच्या. कचरूनं बायकोवर हात उगारला नाही, शिवी दिली नाही. त्यानं बोलणं सोडलं. पुढची सगळी वर्षं ती दोघं एकाच फडात राबली, तो ऊस तोडायचा आणि ती मोळ्या बांधायची, पण कामापलीकडचा शब्द त्यानं तिच्याशी काढला नाही. शुभांगी बारावीला असताना तो छातीत कळ येऊन गेला. जातानाही पोरीचा हात धरून म्हणाला, "तुझ्या आईनं लक्ष दिलं आस्तं तर..." आणि भामाबाई उशाशीच बसलेली होती.

शुभांगीनं नगरला नर्सिंगला नाव घातलं. मुलाखतीत विचारलं गेलं की पायानं अधू मुलगी वॉर्डात धावपळ कशी करणार. ती उठली, बुटात प्लॅस्टिकची पट्टी घातलेला पाय टाकत खोलीतून झपझप दोन येरझाऱ्या घातल्या आणि पुन्हा खुर्चीवर बसली. प्रवेश मिळाला.

मग तो तास आला. रेश्मा मॅडम शिकवत होत्या. त्यांनी फळ्यावर कुल्ल्याचं चित्र काढलं, त्यावर अधिकचं चिन्ह काढून चार भाग केले आणि वरच्या बाहेरच्या भागावर खडू ठेवला. "स्नायूत सुई द्यायची तर इथंच. बाकी तीन भाग विसरून जा. ह्या मधल्या जागेतून पायाची सगळ्यात मोठी शीर, म्हणजे मज्जातंतू, जाते. आणि लहान मुलाला तर कुल्ल्यावर द्यायचीच नाही, मांडीच्या बाहेरच्या अंगाला द्यायची. शिरेला सुई लागली तर मूल त्याच क्षणी किंचाळतं, पायातून वीज गेल्यासारखं होतं आणि पाऊल लोंबतं. खेड्यात त्याला सरळ पोलिओ म्हणून मोकळे होतात."

मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "मॅडम, मग फरक कसा ओळखायचा?"

"पोलिओत ताकद जाते, स्पर्श जात नाही. शिरेला इजा झाली तर कातडी बधिर होते. पावलाची वरची बाजू, नडगीची बाहेरची बाजू. तिथं टाचणी टोचली तरी कळत नाही."

शुभांगीनं बाकाखाली बूट काढला. लहानपणी त्याच पावलावर चुलीतला निखारा पडला होता, कातडी जळल्याचा वास आला तेव्हा आईनं झडप घालून तो उडवला होता, आणि तिला काहीच कळलं नव्हतं. घरात सगळे म्हणाले होते, पोलिओचा पाय, त्याला कुठलं कळायला. तिनं ओढणीची पिन काढली आणि पावलावर टोचली. रक्ताचा थेंब वर आला. तिला तो दिसला तेवढाच.

त्या संध्याकाळी ती मेसमध्ये जेवली नाही. तिच्या डोक्यात पाय नव्हता. पायाची तिला सवय झाली होती. तिच्या डोळ्यांसमोर बापाच्या उशाशी बसलेली आई होती.

सुट्टी लागताच ती गावी गेली. भामाबाई दारात तूर पाखडत होती. शुभांगीनं समोर बसून सगळं सांगितलं. भामाबाईचे हात थांबले नाहीत. सूप वर जात होतं, खाली येत होतं.

"म्हंजी डोस म्या दिलेच व्हते," ती शेवटी म्हणाली.

"दिलेच होतेस. पोलिओ नव्हताच, आई."

"हे त्याला कोन सांगनार आता? तुझ्या बापाला?" भामाबाईनं सूप खाली ठेवलं आणि पोरीकडे पाहिलं. "त्या मानसानं माज्या तोंडात माती घातली, शुभे. इतकी वर्सं म्या ती चावतीय."

त्या दिवशी शुभांगीनं मनाशी गाठ मारली. त्या माणसाच्या तोंडून हे वदवून घ्यायचं, चारचौघांत, आणि आईच्या देखत.

ती तशीच उठून दवाखान्यात गेली. आप्पासाहेब आता पिकले होते. पुतण्या सुनील हाताखाली तयार झाला होता, सुया तोच मारत होता. शुभांगीचं बोलणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग बाकावरच्या पेशंटांकडे वळून म्हणाले, "बघा, चार अक्षरं शिकली की आशी उलटत्यात. हिचा ताप मी उतरवला हुता. उपकार राह्यले बाजूला." माणसं हसली. सुनीलनं तिला दार दाखवलं. तिनं आरोग्य खात्याकडे तक्रार केली. चौकशीला माणसं आली त्या दिवशी दवाखान्याला नेमकं कुलूप होतं, आणि माणसं परत गेल्यावर ते निघालं. मग वस्तीतल्याच चार जणांनी भामाबाईला येऊन सांगितलं की पोरीला आवर, आपल्याला ह्याच गावात राहायचं आहे.

शुभांगी आवरली नाही, थांबली. थांबणं ती आईकडून शिकली होती.

शिक्षण पुरं करून ती सोनईकडे एका खासगी दवाखान्यात राहिली, मग आपल्याच भागातल्या सरकारी रुग्णालयात कंत्राटावर लागली. इंजेक्शनची खोली तिच्याकडे आली. तिचा हात हलका होता. लहान पोरं रडत यायची आणि सुई कधी गेली हे न कळून गोंधळून बाहेर पडायची. मोठ्या डॉक्टर दिशा मॅडम नवीन मुलींना तिच्याकडे बघायला पाठवायच्या. प्रत्येक सुईच्या आधी ती दोन बोटांनी जागा चाचपायची, आणि तेव्हा तिच्या मनात एकच चेहरा असायचा. तो चेहरा प्रेमाचा नव्हता.

आणि एका बाजाराच्या दिवशी तोच चेहरा स्ट्रेचरवरून तिच्या खोलीत आला.

पिसाळलेल्या कुत्र्यानं आप्पासाहेबांना शेताच्या बांधावर गाठलं होतं. पोटरीचा लचका तोडला होता आणि सोडवायला गेलेला डावा हात चावून काढला होता. सुनीलनं आधी आपल्याच दवाखान्यात लस टोचली होती, कमरेत.

"कमरेत?" दिशा मॅडम ओरडल्या. "कुत्र्याची लस कमरेत देत नाहीत, तिथल्या चरबीत ती नीट लागूच पडत नाही. तो डोस धरायचा नाही. नव्यानं सुरू करा. आणि सिस्टर, जखमा खोल आहेत, सिरम भरा. मी शेजारीच आहे." लशीला काम करायला वेळ लागतो. तोवर विष थोपवायचं तर सिरम थेट जखमेतच भरावं लागतं, तिच्या आत आणि सभोवार. ते भरताना धडधाकट गडीही आईच्या नावानं ओरडतात.

शुभांगी टेबलाकडे चालत आली. ती चाल आप्पासाहेबांनी ओळखली. चेहरा पाहायच्या आधी त्यांनी पाऊल पाहिलं, आणि ते कोपरावर भार देऊन अर्धवट उठले.

"ही नगं. दुसरं कुनी बोलवा."

"दुसरं कुणी नाही," दिशा मॅडम म्हणाल्या. "आणि असतं तरी मी ह्यांनाच सांगितलं असतं."

तिनं नळाखाली साबणानं जखमा धुतल्या, सावकाश, भरपूर वेळ घेऊन. पोटरी. मनगट. आणि धुता धुता तिला करंगळीच्या बेचक्यात आणखी एक दात लागलेला दिसला. बारीक, मिटलेला. मॅडमनी पाहिलेला नव्हता. सुनीलनं पाहिलेला नव्हता. आप्पासाहेबांना पोटरीच्या कळेपुढे त्याची शुद्धच नव्हती. बोटांत शिरांचं जाळं दाट असतं आणि तिथून विष लवकर वर चढतं, हे तिला ठाऊक होतं. एवढं एक बोट तसंच सोडलं तर कुणाला काय कळणार होतं? नळ वाहत राहिला आणि ती ते बोट धरून उभी राहिली. तिनं मनातल्या मनात त्या माणसाला पाण्याचा पेला पाहून थरथरताना पाहिलं, वाऱ्याच्या झुळकेनं घसा आवळताना पाहिलं, आणि तिला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. पुढे कधी तिनं हे कुणापासून लपवलं नाही.

पण मग तिला त्याची तिरडी दिसली. अख्खं गाव मागे चाललेलं. तिसगावचा बाजार बंद. गावासाठी आयुष्य वेचलेला देवमाणूस गेला, अशी भाषणं. आणि त्या देवमाणसानं सांगितलेला भामाबाईच्या पोरीचा पोलिओ, त्याच्याबरोबर कायमचा खरा ठरलेला.

नाही. ह्याला मरू द्यायचं नाही. मेला तर सुटला.

"मॅडम," तिनं हाक मारली, "करंगळीपाशी अजून एक चावा आहे."

तिनं सिरम भरायला घेतलं. बोटात जागा थोडी, औषध थेंबाथेंबानं सोडावं लागतं, नाहीतर दाबानं बोट काळं पडतं. तिनं घाई केली नाही. एकही थेंब बाहेर सांडला नाही. आप्पासाहेब गुरासारखे ओरडले. शेवटी दोन्ही दंडांवर कातडीच्या आत लस दिली, मसुरीएवढे फुगे उठले. मग तिनं कापूस टाकला आणि बाहेरच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आप्पासाहेब, माझ्या पायाला काय झालं होतं?"

रांगेतल्या माना वळल्या. बाजारामुळे निम्मी माणसं त्यांच्याच गावची होती.

"पोलिओ," आप्पासाहेब भिंतीकडे बघत म्हणाले.

"पुढच्या डोसला या," शुभांगी म्हणाली. "चुकवू नका. पाण्याची भीती वाटायला लागली की मग कुठलंच औषध चालत नाही. माणूस शेवटपर्यंत शुद्धीवर असतो."

ते आले. फाटक उघडायच्या आधीच येऊन पायरीवर बसले. तिनं त्यांना बसू दिलं. रांग भरली, बाया-बापड्या जमल्या, तेव्हा पहिलं नाव त्यांचं पुकारलं. दंड धरला आणि तोच प्रश्न विचारला. ते बाही खाली ओढून उठले. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. आता रांगेतल्या बाया आपसांत कुजबुजू लागल्या होत्या. एका म्हातारीनं उघड विचारलं, "आवो, मंग सांगून टाका की काय झालं हुतं ते."

सुनीलनं तक्रार केली तेव्हा दिशा मॅडमनी तिला आत बोलावलं. सगळं ऐकून घेतलं. बूट काढायला लावून पायावर कापसाचा बोळा फिरवला आणि टाचणीनं तपासलं.

"तुमचं खरं आहे," त्या म्हणाल्या. "पण तो माझ्या दवाखान्यातला पेशंट आहे. तुमच्या हातात सुई असताना हा प्रश्न विचारायचा नाही. हा हुकूम समजा."

"बरं, मॅडम. मी विचारणार नाही."

तिनं शब्द पाळला. शेवटच्या डोसच्या दिवशी ती भामाबाईला घेऊन आली.

भामाबाईनं धुतलेलं पांढरं लुगडं नेसलं होतं. ती आप्पासाहेबांच्या समोरच्या बाकावर बसली, हात मांडीवर ठेवून. त्यांच्याकडे बघत राहिली. शुभांगीनं दंड पुसला, सुई दिली, कापूस ठेवला आणि मागे सरकली. तिनं काही विचारलं नाही. आप्पासाहेब वाट पाहत राहिले. उठावं तर दारापर्यंत माणसंच माणसं होती आणि सगळी त्यांच्याकडे बघत होती.

"भामाबाई," ते हळूच म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तिला असं पुरतं नाव घेऊन हाक मारली. "चूक माझी हुती."

"मोठ्यानं बोला," भामाबाई म्हणाली. "मला येतंय ऐकू. ह्यांना न्हाई येत."

आप्पासाहेबांनी ओठांवरून जीभ फिरवली. "पोलिओ नव्हता. माझी सुई शिरंला लागली. हिनं डोस पाजलेच आसतील." आणि मग कुणी न विचारताच पुढचंही बाहेर पडलं. "त्याच आठवड्यात मी पाथर्डीच्या माझ्या डॉक्टरांना इचारलं हुतं. ते म्हणले, शीर गेली. मला तवाच कळलं हुतं."

हे शुभांगीलाही ठाऊक नव्हतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं ती त्या माणसाला निष्काळजी समजत होती. हा तर जाणून बुजून खोटं बोलला होता आणि रोज त्याच रस्त्यानं, आईच्या दारावरून गेला होता. तिच्या हातात रिकामी सिरिंज होती. ती तिनं कचऱ्याच्या डब्यात इतक्या जोरानं टाकली की रांगेतलं एक मूल दचकून रडायला लागलं.

आप्पासाहेब उठले आणि भामाबाईच्या पायाशी वाकू लागले. तिनं पाय बाकाखाली ओढून घेतले.

"पाया पडू नगा," ती म्हणाली. "तेवढ्यानं माजा नवरा माज्याशी बोलायचा न्हाई. जावा घरी. आनि ते दुकान बंद करा."

दुकान त्यांनी आपण होऊन बंद केलं नाही. ते शुभांगीनं करवलं. ह्या खेपेला तक्रारीवर रांगेतल्या बायांचे अंगठे आणि सह्या होत्या, आणि चौकशीची माणसं सांगून आली नाहीत. सुनील सुईसकट सापडला. पाटी उतरवली गेली, गुन्हा नोंदला गेला, तारखा अजून पडतायत. एका तारखेला सुनील कोर्टाच्या आवारात तिच्या अंगावर धावून आला. "म्हाताऱ्याचा जीव वाचवलास म्हणून सोडतो," तो म्हणाला. शुभांगी म्हणाली, "त्याच्यासाठी नाही वाचवला."

गावातल्या बाया आता भामाबाईला हळदीच्या घरी मुद्दाम बोलवतात, पाट देतात. ती जाते, बसते, उठून येते. कुणी जुना विषय काढून हळहळायला लागली की म्हणते, "तवा कुठं व्हता तुमी?" मग विषय आपोआप बदलतो. एकदा तिनं शुभांगीला विचारलं, "तुझं मन निवलं का गं?" शुभांगीनं विचार करून खरं ते सांगितलं, "नाही." भामाबाई म्हणाली, "माजं बी न्हाई," आणि दोघी जेवायला बसल्या.

आप्पासाहेब जिवंत आहेत. पोटरी भरून आली, हातही चालतो. सकाळी ते मारुतीच्या पारावर येऊन बसतात, पण शेजारी फारसं कुणी बसत नाही. शुभांगी दूरवरून दिसली की ते काठी उचलून गल्लीत वळतात. बसथांब्याला जायला तिला दुसरी, जवळची वाट आहे. ती पारावरूनच जाते, सावकाश, पाऊल आपटत.